जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवताना: ७५ वॅटचं गणित

चौथ्या पिढीचा आय५ किंवा आय३, ८ जीबी रॅम, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि कॅबिनेटसोबतच आलेला, कुठल्या कंपनीचा आहे ते कधी कुणी पाहिलेलंच नाही असा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. दहा-अकरा वर्षांपूर्वी 'अभ्यासासाठी' म्हणून घेतलेले असे डेस्कटॉप अजून कितीतरी घरांत चालू आहेत. शिवाय ऑफिसांनी काढून टाकलेले आणि रिफर्बिश्ड म्हणून विकले जाणारे डेलचे ऑप्टिप्लेक्स, लेनोवोचे थिंकसेंटर, एचपीचे एलिटडेस्क आहेतच. यात एक कार्ड टाकलं तर गेम चालतील का? चालतील. फक्त 'कोणतं कार्ड भारी' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी मशीन काय पेलतं ते बघायचं, कारण जुन्या मशीनमध्ये कार्डाची निवड बहुतेक वेळा एसएमपीएस आणि कॅबिनेटच करून टाकतात.

आधी कॅबिनेट उघडा, मग दुकानाचा विचार करा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचं नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते लिहून घ्या. मदरबोर्डचं मॉडेल सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. मग मशीन बंद करून वायर काढा, डावीकडचं झाकण उघडा आणि चार गोष्टी बघा.

स्लॉट. मदरबोर्डवरचा सगळ्यात लांब स्लॉट म्हणजे पीसीआय एक्सप्रेसचा १६ लेनचा; लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याची वाट. बजेट बोर्डवर तो बहुधा एकच असतो. त्याच्या शेवटी एक छोटं लॉक असतं, ते नीट हलतंय ना बघा.

जागा. स्लॉटपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या जाळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. एका पंख्याची कार्डं साधारण १५ ते १८ सेंटिमीटरची, दोन पंख्यांची २० च्या पुढे. छोट्या बोर्डवर सॅटाचे, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचे पोर्ट बरोबर कार्डाच्या वाटेत येतात, त्यामुळे लांब कार्ड बसवलं की खालची केबल दबते. अशा ठिकाणी काटकोनात वळलेल्या टोकाची सॅटा केबल लावावी लागते. बहुतेक कार्डं जाडीला दोन स्लॉटची जागा घेतात हेही लक्षात असू द्या.

उंची. तुमचं मशीन आडवं, सडपातळ ऑफिसचं असेल तर त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसणारच नाही. त्याला 'लो प्रोफाइल' कार्ड लागतं आणि सोबत कॅबिनेटच्या मागे कसायची आखूड पट्टी यावी लागते. जुनं कार्ड घेताना ही आखूड पट्टी विक्रेत्याकडे आहे का हे आधी विचारा. ती नंतर वेगळी शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

आणि एसएमपीएस. याला वेगळा वेळ द्यायला हवा.

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिका

पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: ६ पिनांची आणखी ७५ वॅट देते, ८ पिनांची १५०. जुन्या बजेट एसएमपीएसमध्ये या केबलच नसतात. म्हणून ७५ वॅट ही आपली पहिली सीमारेषा.

पण स्लॉटमधून येणारी वीज शेवटी एसएमपीएसमधूनच येते. डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५०' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. बाजूच्या लेबलवर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. समजा तिथे १४ अँपिअर लिहिलंय, तर हातात आले १६८ वॅट. आता खर्च मांडा: आय५-४५७० चे ८४ वॅट, कार्डाचे ७५, पंखे-डिस्क वगैरेचे २०-२५. बेरीज १८० च्या आसपास गेली. म्हणजे डब्यावर ४५० लिहिलेला हा एसएमपीएस ७५ वॅटच्या कार्डालाही पुरत नाही, आणि हे आकडे लेबल खरं बोलतंय असं धरून आहेत. स्वस्त एसएमपीएसच्या बाबतीत तेवढा विश्वास मी ठेवत नाही.

त्यामुळे असेम्बल केलेल्या मशीनसाठी माझं मत सरळ आहे: बजेटमध्ये नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा ४५० वॅटचा एसएमपीएस धरूनच चाला. कार्ड एक पायरी खालचं आलं तरी चालेल. एसएमपीएस पुढच्या मशीनमध्येही वापरता येतो, आणि खराब एसएमपीएस जाताना एकटा जात नाही. जुन्या एसएमपीएसच्या मोलेक्स पिनांवर जोड लावून ६ पिनांची केबल तयार करण्याचा जुगाड बाजारात सर्रास मिळतो. पातळ वायरच्या त्या जोडण्या तापतात आणि वितळतात. त्या वाटेला जाऊ नका.

ब्रँडेड ऑफिस मशीनची गोष्ट उलटी आहे. तिथला एसएमपीएस दिसायला छोटा, पण प्रामाणिक असतो. ऑप्टिप्लेक्स ३०२० च्या उभ्या मॉडेलमध्ये २९० वॅटचा आणि सडपातळ मॉडेलमध्ये २५५ वॅटचा येतो, आणि ७५ वॅटचं कार्ड त्यावर निभावतं. अडचण एवढीच की तो बदलणं सोपं नाही. ऑप्टिप्लेक्स ३०२०, ७०२०, ९०२० मध्ये मदरबोर्डची मुख्य केबल नेहमीच्या २४ पिनांची नसून ८ पिनांची आहे; त्याच काळातल्या थिंकसेंटरमध्ये १४ पिनांची. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण नवशिक्याने अशा मशीनमध्ये ७५ वॅटच्या आतच राहावं. काही सडपातळ मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षाही कमी दिलेली असते. मॉडेलचं नाव टाकून मॅन्युअल उघडा, पाच मिनिटांचं काम आहे.

फुकटातली किंवा स्वस्तातली सुधारणा आधी

८ जीबीची एकच रॅमपट्टी लावलेली असेल तर तशीच दुसरी शोधा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन पट्ट्या २५.६. गेममध्ये मध्येच बसणारे हिसके यानेच बरेच कमी होतात. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीचाही विचार आत्ताच करा. फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) त्याने वाढत नाहीत, पण गेम उघडेपर्यंत चहा होतो ती परिस्थिती बदलते.

प्रोसेसरची मर्यादाही आधीच मान्य करा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे गेम प्रोसेसरवर भार टाकतात, तिथे दुसऱ्या पिढीच्या आय३ ला कितीही मोठं कार्ड जोडलं तरी फरक थोडाच. अर्ध्या इंची नळाला दोन इंची पाइप जोडून पाणी वाढत नाही, तसं. शिवाय तिसऱ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आज्ञांचा संच नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. चौथ्या पिढीच्या आय३, आय५, आय७ मध्ये ते आहे. त्याच पिढीच्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये नाही. तुमचा आवडता गेम नवा असेल तर त्याची किमान अट आधी वाचा.

आता कार्ड

दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येईल: '४ जीबीचं कार्ड आहे, सगळं चालेल.' किती जीबी यापेक्षा ती मेमरी किती वेगाने चालते हे महत्त्वाचं. जीटी ७१० आणि डीडीआर३ मेमरीचं जीटी ७३० ही कार्डं बहुधा सेकंदाला १४.४ जीबीच्या आसपास माहिती हलवतात. वर पाहिलं ना, तुमच्या दोन रॅमपट्ट्याच मिळून २५.६ देतात! ही कार्डं जादा मॉनिटर जोडायला ठीक, गेमसाठी पैसे वाया. जीटी १०३० मध्ये तर एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात: जीडीडीआर५ मेमरीचं ४८ जीबीचा वेग देतं, डीडीआर४ चं जेमतेम १७. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका.

७५ वॅटच्या आत, वेगळ्या केबलशिवाय चालणारी आणि खरोखर गेम खेळवणारी कार्डं मोजकीच आहेत.

जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चं, ४ जीबी. वर्षानुवर्षं बजेटवाल्यांचं लाडकं. पण एनव्हिडियाने पास्कल (हे कार्ड याच पिढीचं) आणि त्याआधीच्या मॅक्सवेल पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. जीटीए ५ सारखे जुने गेम ते आरामात चालवतं. आज मात्र ते फारच स्वस्त मिळालं तरच घ्यावं.

जीटीएक्स १६५०, २०१९ चं, ४ जीबी. १०५० टीआयपेक्षा स्पष्टपणे वेगवान, आणि याची ट्युरिंग पिढी त्या कपातीतून वाचली. याचेही दोन प्रकार आहेत, जीडीडीआर५ आणि जीडीडीआर६. दुसरा मिळाला तर उत्तम. काही कंपन्यांनी यावर ६ पिनांचा कनेक्टर दिला आहे, काहींनी नाही. फोटोत कार्डाची वरची कड नीट बघूनच घ्या.

आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीचंच. हे २०२४ मध्ये आलं, ७० वॅटवर चालतं आणि केबल मागत नाही. ८ जीबीचं ३०५० हे वेगळं कार्ड आहे, त्याला १३० वॅट लागतात. ६ जीबीवाल्यात डीएलएसएस मिळतं, म्हणजे गेम कमी रिझोल्युशनवर चालवून चित्र मोठं करण्याची सोय. लो प्रोफाइलमध्येही उपलब्ध. नवं कार्ड घ्यायचं असेल तर माझा कौल यालाच.

एएमडीचं आरएक्स ६४००, २०२२ चं, ५३ वॅट. विजेच्या दृष्टीने सगळ्यात हलकं, आणि एका स्लॉटच्या जाडीत लो प्रोफाइल मिळतं, त्यामुळे सडपातळ मशीनमध्ये मोह होतो. पण हे फक्त ४ लेन वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर ते खपून जातं. मात्र एच६१ आणि एच८१ या बजेट बोर्डांवर स्लॉट बहुधा २.० चा असतो, आणि तिथे ४ लेन म्हणजे सेकंदाला फक्त २ जीबी. मेमरी भरली की गेम अडखळतो. त्याच स्लॉटवर ८ लेनच्या ३०५० ला ४ जीबी आणि १६ लेनच्या १६५० ला ८ जीबी मिळतात. तुमचा बोर्ड एच८१ असेल तर सेकंडहँड १६५० हा सौदा दिसतो त्यापेक्षा चांगला आहे. शिवाय ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करणाऱ्यांनी लांबच राहावं.

इंटेलचं आर्क ए३८० किमतीमुळे खुणावतं. त्याला रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सुविधा मदरबोर्डमध्ये लागते, आणि आपल्या या जुन्या बोर्डांमध्ये ती नसते. सोडून द्या.

नवा एसएमपीएस घेतलाच असेल तर जीटीएक्स १६६० सुपरपर्यंत मजल मारता येते. त्यापुढचा खर्च चौथ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी मला पटत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड असो, तुमच्या शहरातलं दुकान असो की ऑनलाइन ओळखीतून मिळालेलं कार्ड, चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालवा. जुन्या चिपचं बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून '१०५० टीआय' म्हणून विकलेली बनावट कार्डं हा प्रोग्रॅम ओळखतो आणि नावाआधी तशी खूण दाखवतो. आरएक्स ५८० म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त कार्डांत २३०४ ऐवजी २०४८ शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात, तेही इथेच दिसतं. ही ५७०-५८० कार्डं सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग बंद झाल्यावर ढिगाने बाजारात आली. त्यांना जादा केबल लागते, त्यामुळे ७५ वॅटच्या आत राहणाऱ्यांच्या तशीही कामाची नाहीत.

मग फरमार्क हा कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, चौकोन उमटले तर नमस्कार करून निघा. पंखा कुरकुरतोय का ऐका. कोकणपट्टीतल्या कार्डाची मागची पट्टी आणि पोर्ट गंजलेत का तेही बघा. नवं कार्ड घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि खोक्यावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा, वॉरंटी त्यावरच मिळते.

मॉनिटरची केबल

जुन्या मॉनिटरला मागे फक्त निळं व्हीजीए पोर्ट असतं आणि वर गेमसाठी सुचवलेल्या कार्डांवर ते बहुधा नसतं. डीव्हीआय दिसलं तरी त्यातून व्हीजीएचा सिग्नल येत नाही, त्यामुळे साधा जोड चालत नाही. एचडीएमआय ते व्हीजीए असा आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. कार्डासोबतच घेऊन ठेवा, नाहीतर रविवारी कार्ड बसवून सोमवारपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत बसावं लागेल.

बसवण्याची पद्धत

१. मशीन चालू असतानाच मदरबोर्ड किंवा ब्रँडेड मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर बायोसचं नवं व्हर्जन आहे का बघा. जुन्या बायोसवर नवं कार्ड काळा पडदा दाखवू शकतं. अपडेट करायचं असेल तर यूपीएसवर करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. लोडशेडिंगच्या वेळेला हात लावू नका.

२. आधीचं एखादं कार्ड असेल तर डीडीयू या प्रोग्रॅमने त्याचा ड्रायव्हर पूर्ण काढा.

३. मशीन बंद करा, वायर काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. गालिचा किंवा ब्लँकेट नको. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा.

४. आता उघडलंच आहे तर धूळ काढा. ब्रश वापरा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. घड्याळ सतत मागे पडत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका.

५. स्लॉटसमोरच्या मागच्या पट्ट्या काढा, बहुधा दोन. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या स्क्रूच्या नसतात, पत्र्यातच कापलेल्या असतात. मागेपुढे वाकवल्या की तुटतात. कडा धारदार असते, बोट सांभाळा.

६. स्लॉटचं लॉक उघडा. कार्ड दोन्ही टोकांना धरा, सोनेरी पिनांना हात नको. कार्डाच्या पट्टीचं खालचं टोक बोर्ड आणि कॅबिनेट यांच्या मधल्या फटीत जायला हवं. नवशिक्यांचं कार्ड इथेच अडतं आणि ते वरून जोर लावत बसतात. टोक फटीत गेलं की सारख्या दाबाने खाली ढकला. 'टक्' असा आवाज येतो आणि लॉक आपोआप मिटतं.

७. मागचा स्क्रू लावा. त्याशिवाय कार्ड वजनाने खाली झुकतं. केबल लागणारं कार्ड असेल तर ती जोडा.

८. मॉनिटरची केबल कार्डाला लावा. मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात ती तशीच राहते आणि लोक कार्ड बिघडलंय म्हणून परत करायला जातात. हे खरंच घडतं.

झाकण न लावता मशीन सुरू करा. पंखा फिरला आणि चित्र आलं की झालं. पंखा फिरतोय पण चित्र नाही, तर केबल मदरबोर्डला लावून बायोसमध्ये जा आणि प्रायमरी डिस्प्लेच्या जागी पीसीआय एक्सप्रेस किंवा पीईजी निवडा. तरीही नाही आलं तर बंद करून कार्ड पुन्हा काढून बसवा, रॅमही एकदा काढून घाला. हलवाहलवीत ती सैल होते. शेवटचा उपाय म्हणजे तो गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवणं, त्याने बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

चित्र आलं की ते सुरुवातीला मोठं आणि भरड दिसेल. कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या आणि मशीन रीस्टार्ट करा. मग आवाज गायब झाला तर घाबरू नका. विंडोजने आवाज एचडीएमआयवर वळवलेला असतो, टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून तो परत जुन्या स्पीकरवर आणा. जीपीयू-झेडमध्ये स्लॉटचा वेग '१.१' दिसला तरी काळजी नको, काम नसताना कार्ड तो कमी करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी सुरू करा, खरा आकडा दिसेल.

पहिल्या आठवड्यात काय बघायचं

गेम मध्यम सेटिंगवर सुरू करा. ४ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर मध्यमच ठेवा आणि सावल्या कमी करा. सावल्या प्रोसेसरलाही छळतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमही ६० वर बांधून टाका, मशीन शांत आणि थंड राहतं. फ्रेम कमीच येत असतील तर रिझोल्युशन एक पायरी खाली आणून बघा. फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरचा, आणि मग कार्ड बदलण्याचा विचार पुन्हा करू नका.

तापमान ८० अंशांच्या आसपास जात असेल तर उन्हाळ्यात ते आणखी चढेल. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागे एक १२ सेंटिमीटरचा पंखा लावा. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटला कुठलाच पंखा वाचवू शकत नाही.

यूपीएसही तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. मशीन आणि मॉनिटर त्यात बसतात, पण बॅटरी जुनी झालेली असेल तर गेम चालू असताना वीज जाताच तो मान टाकेल. आणि वीज गेलेली नसताना, नेमकं गेम जड झाल्यावर मशीन फट्कन बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर ड्रायव्हर उलटसुलट करण्यात दिवस घालवू नका. एसएमपीएस कमी पडतोय. नवा येईपर्यंत फ्रेम ३० वर बांधा, किंवा कार्ड काढून ठेवा.